बारेंटची खुर्ची

खुर्च्या मांडून झाल्यावर हिलाने सगळ्या वर्तुळावरून एकदा नजर फिरवली. वाढदिवस म्हटला की भिंतीला पाठ करून गोल मांडलेल्या खुर्च्या, मधे कोणाच्याच हाताला न येणारं छोटं टेबल, आणि येणाऱ्या प्रत्येकाने दारापासून सुरुवात करून एकूण एक माणसाचा हात हातात घ्यायचा, हे ठरलेलं. ज्याचा वाढदिवस त्याचं अभिनंदन करायचंच, पण त्याच्या मुलीचं, जावयाचं, नातीचं आणि शेजारणीचंसुद्धा करायचं. ‘अभिनंदन, तुमच्या वडिलांबद्दल.’ ‘अभिनंदन, तुमच्या सासऱ्यांबद्दल.’ हॉलंडात झान नदीच्या काठी माणूस वर्षभर सख्ख्या भावाशी बोलला नाही तरी कोणी विचारत नाही, पण वाढदिवसाला त्याने एकाचा जरी हात चुकवला तरी ते नातवंडांपर्यंत लक्षात राहतं.

आज हिलाच्या वडिलांची, आरियान स्तूरमान यांची पंच्याहत्तरी होती. कोको गिरणीत मुकादमी करून ते निवृत्त झाले होते आणि बायको गेल्यापासून लेकीकडे, म्हणजे जावयाच्या किराणा दुकानामागच्या घरात राहत होते. म्हातारा शब्दाचा पक्का होता. इतका पक्का, की त्याचा शब्द फिरवायचा म्हणजे घराची भिंत हलवायची.

हिलाचा नवरा वोबे दुकानाच्या दारातून आत आला आणि त्याने खिडकीजवळची एक खुर्ची उचलली.

“ही कोणाची?”

“कोणीतरी येईलच.”

“कोणीतरी म्हणजे तुझा भाऊ. मी काय दूधखुळा आहे का, हिला? त्याला इथे बसलेला पाहिला तर उद्या माझ्या दुकानात कुत्रं फिरकणार नाही.”

“परवा साखरेसाठी लोटली होती ती गर्दी बघता कुत्रीसुद्धा रांगेत असतील,” हिला म्हणाली.

वोबे हसला नाही. तो खुर्ची घेऊन मागच्या कोठारात गेला आणि रिकाम्या हाताने परत आला. हिलाने त्याला जाऊ दिलं. वाद घातला असता तर पलीकडे दाढी करत असलेल्या बाबांच्या कानावर गेलं असतं, आणि आपण बारेंटला बोलावून आलो आहोत हे त्यांना एवढ्यात कळायला नको होतं.

सन छप्पनचा तो नोव्हेंबर महिनाच तसा होता. महिना उजाडला तोच सुएझवर बाँब पडत असताना. कालवा बंद झाला, आता तेल येणार नाही असं कोणी म्हणालं, आणि तेल नाही तर साखर तरी कुठली येणार, असं दुसऱ्या कोणीतरी म्हणालं. मग बायका पिशव्या घेऊन दुकानांवर तुटून पडल्या. लढाई म्हणजे काय हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. अकरा वर्षांपूर्वीपर्यंत याच बायकांनी ट्यूलिपचे कंद उकडून पोरांना घातले होते. ती धांदल चालू असतानाच, गेल्या रविवारी पहाटे, रशियाचे रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले. आग जगाच्या दोन टोकांना लागली होती आणि धूर मात्र या किराणा दुकानामागच्या खोलीत भरला होता.

कारण हिलाची मुलगी रेन्स्के मेलबर्नला जाणार होती. वीस वर्षांची ही पोर पाठीवर पोहण्याच्या शर्यतीत देशात पहिली आली होती आणि ऑलिंपिकच्या चमूत तिचं नाव होतं. पेटी भरून जिन्याखाली ठेवलेली होती. मंगळवारी रेडिओवर बातमी आली, की हंगेरीत रक्त सांडत असताना आपले खेळाडू खेळायला जाणार नाहीत. चमू रद्द झाला. रेन्स्केने रेडिओ बंद केला, तलावावर गेली, आणि केस ओले असतानाच परत येऊन झोपली.

आणि तिला पोहायला शिकवलं होतं बारेंटने, तिच्या मामाने. सहा वर्षांची असताना कमरेला दोरी बांधून त्याने तिला नदीत सोडली, पुढे क्लबात शिट्टी आणि घड्याळ घेऊन तिच्या काठाकाठाने चालत राहिला. बारेंट लाकडाच्या वखारीत सुतार होता आणि पंचवीस वर्षं कम्युनिस्ट पक्षात होता. हे काही गुपित नव्हतं. पण सोमवारी रात्री लोकांनी त्याच्या खिडक्या फोडल्या, गुरुवारी क्लबाने त्याची शिट्टी काढून घेतली, आणि त्याआधीच, मंगळवारी जेवताना, बाबांनी चमचा खाली ठेवून सांगून टाकलं होतं, “जे झालं ते चूक झालं, असं तो तोंडाने म्हणत नाही तोवर त्याने या घरात पाऊल ठेवायचं नाही.”

हिलाला बाबांच्या रागाची भीती नव्हती. त्यांच्या चिकाटीची होती. तिच्या लहानपणी बाबांचं आणि त्यांच्या थोरल्या भावाचं चर्चवरून भांडण झालं. काका नदीपलीकडे राहायला गेले. त्यांच्या स्वयंपाकघरातला दिवा बाबांच्या जुन्या घराच्या खिडकीतून दिसायचा. तो दिवा बघत बाबा वीस वर्षं जेवले आणि एकदाही पूल ओलांडून गेले नाहीत. काकांच्या दफनाला गेले, ते फाटकापाशी उभे राहून परतले. बारेंटची खुर्ची एकदा या वर्तुळातून उठली की ती कायमची उठणार, हे हिलाला आपल्या दोन हातांइतकं पक्कं ठाऊक होतं.

म्हणून ती शुक्रवारी त्याच्याकडे गेली. खिडक्यांना पुठ्ठे ठोकलेले होते. सुताराच्या घराला काच बसवायला इतका वेळ लागतो का, असं तिने विचारलं.

“काचेला दगड मारतात, ताई. पुठ्ठ्याला कोणी मारत नाही,” बारेंट म्हणाला. मग थोड्या वेळाने, “बाबांनी बोलावलंय?”

“मी बोलावलंय.”

त्याने पुठ्ठ्याचा सुटलेला कोपरा अंगठ्याने दाबून बसवला.

*

चारच्या सुमाराला माणसं येऊ लागली आणि हिलाच्या ध्यानात आलं, की आपण एका गोष्टीचा विचारच केला नव्हता. रेन्स्के आजोबांच्या शेजारची हिलाची खुर्ची सोडून पलीकडे बसली होती. जो येई तो आजोबांचा हात हलवी, मग तिच्याकडे वळे, आणि त्याच्या तोंडून सवयीने निघे, “अभिनंदन, रेन्स्के!” पुढच्या क्षणी त्याला मेलबर्न आठवे. कोणी घाईघाईने ‘म्हणजे आजोबांबद्दल’ असं जोडी, कोणी नुसताच खोके. गिरणीतला एक जुना मित्र तर अभिनंदन म्हणून लगेच “वाईट वाटलं” असंही म्हणाला, आणि आता नक्की कशाबद्दल वाईट वाटलं याचा उलगडा करता करता घामाघूम झाला. रेन्स्के प्रत्येकाला धन्यवाद म्हणत होती. तिच्या आवाजात काहीच नव्हतं, आणि तेच हिलाला सहन होत नव्हतं.

हिलाची धाकटी बहीण आलीदा आणि तिचा नवरा यॉस्ट गाडीतून आले. यॉस्ट शाळामास्तर. त्याने उन्हाळ्यात आयुष्यातली पहिली गाडी घेतली होती आणि आता पेट्रोल मिळणार नाही अशी बोलवा होती, त्यामुळे सगळ्यांना त्याची टर उडवायला चांगला विषय मिळाला. वोबेने त्याला घोडा घ्यायचा सल्ला दिला. गिरणीतले मित्र म्हणाले, की गाडीत कोंबड्या ठेव, निदान अंडी तरी मिळतील. यॉस्ट आपला सुएझ समजावून सांगत राहिला, आणि मोठं जहाज आफ्रिकेला वळसा घालून कसं येतं ते त्याने लोण्याच्या केकच्या तुकड्यावर काट्याने दाखवलं. अमेरिकेतल्या निवडणुकीचंही बोलून झालं. रशियाचं नाव मात्र कोणी काढलं नाही, कारण ते काढलं की बारेंटचं नाव आलं असतं.

कॉफी करायला आलीदा हिलाच्या मागे स्वयंपाकघरात आली आणि दार लोटून घेऊन तिने विचारलं, “ताई, दादाला बोलावलंयस ना तू?”

“हो.”

“बरं केलंस. मी तुझ्या बाजूने आहे. कोणी काही म्हणो.”

हिलाच्या जिवात जीव आला. कप भरताना तिच्या मनात आलं, की वोबे आणि बाबा एका बाजूला, आपण आणि आलीदा दुसऱ्या बाजूला, आणि यॉस्ट नेहमीप्रमाणे पुस्तकाच्या बाजूला. इतकं असलं तरी पुष्कळ झालं.

अंधार पडला आणि दारावर थाप पडली. हिलाने कपबशी खाली ठेवली, पण बाहेर सेंट मार्टिनच्या सणाची पोरं होती. बीट कोरून आत मेणबत्ती लावलेले कंदील काठीला अडकवून ती गात होती. सण रविवारी आला म्हणून देवभोळ्यांची पोरं उद्या निघणार होती, ही बाकीच्यांची होती. हसतखिदळत सगळे दाराशी गेले, वोबेने गोळ्यांची बरणी आणली, आणि पोरं गात गात बाजूला सरकली तेव्हा त्यांच्या मागे टोपी हातात घेतलेला बारेंट उभा होता. त्याने रविवारचा कोट घातला होता. गळ्याशी दाढीचं पातं लागलेलं होतं.

वोबेने पोरांदेखत काही बोलायला नको म्हणून तोंड मिटलं. बारेंट आत आला.

तो सरळ बाबांसमोर गेला आणि त्याने हात पुढे केला. “अभिनंदन, बाबा.”

बाबांचे दोन्ही हात काठीच्या मुठीवर होते. ते तिथेच राहिले. म्हातारा मुलाच्या कोटाच्या गुंडीकडे बघत होता.

माणूस अशा वेळी एक तर निघून जातो नाहीतर भांडतो. बारेंटने तिसरंच केलं. त्याने हात मागे घेतला, वळला आणि दारापासून सुरुवात करून रीतसर वर्तुळ फिरायला लागला. गिरणीतल्या मित्रांनी हात दिले, पण खाली बघत. वोबे कोळसा आणायला उठला आणि बाहेर जाऊन राहिला. यॉस्ट, ज्याच्याकडून कोणाचीच अपेक्षा नव्हती, उठून उभा राहिला आणि त्याने हात चांगला घट्ट दाबला. “तुझं एकही मत मला पटत नाही, बारेंट. पण वाढदिवस तो वाढदिवस.” आणि स्वयंपाकघरात बाजू घेतलेल्या आलीदाने बोटांची टोकं तेवढी पुढे केली आणि चटका बसल्यासारखी मागे घेतली. हिलाला तिचा इतका राग आला, की तिने आपल्या हातात भावाचा हात जरुरीपेक्षा जास्त वेळ धरून ठेवला.

शेवटी तो रेन्स्केपाशी आला. आल्यापासून तोंडाला तो एकच शब्द होता आणि तोच निघाला. “अभिनंदन, रेन्स्के.”

या वेळी ती धन्यवाद म्हणाली नाही.

बारेंटच्या लक्षात आलं. तेवढ्यात कोळशाची बादली घेऊन वोबे दारात आला आणि त्याने नेमकं तेवढंच ऐकलं.

“कशाबद्दल रे अभिनंदन?” वोबे म्हणाला. “तुझ्या लोकांनी माझ्या पोरीचं सगळं मातीला मिळवलं त्याबद्दल? चौदा वर्षं पहाटे उठून तिने पाणी कापलं. तुझ्या रणगाड्यांनी ते एका रात्रीत चिरडून टाकलं.”

“माझे रणगाडे नाहीत ते, वोबे.”

“मग कोणाचे? माझे?”

बसायला खुर्ची नव्हती, त्यामुळे बारेंट वर्तुळाच्या मधोमध उभा होता आणि सगळ्यांना त्याच्याकडे मान वर करून बघावं लागत होतं. हिला उठली. तिने आपली खुर्ची, बाबा आणि रेन्स्के यांच्या मधली, हाताने मागे ओढली आणि म्हणाली, “बारेंट, बस.”

“हिला, तू बस,” वोबे म्हणाला.

“मी दिवसभर बसलेलीच आहे,” असं म्हणून ती भिंतीला टेकून उभी राहिली. यजमानीणबाई उभी आणि सगळे बसलेले, असं त्या घरात कधी झालं नव्हतं. बारेंट बसला, पण खुर्चीच्या कडेवर.

मग बाबा बोलले. आवाज चढलेला नव्हता. एक्केचाळीस सालच्या फेब्रुवारीत, ते म्हणाले, देश जर्मनांच्या मुठीत होता आणि ज्यूंना धरून नेत होते, तेव्हा हा मुलगा गिरणीच्या फाटकाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, बाबा, यंत्रं थांबवा, बाहेर या. “मी मुकादम होतो. मी बाहेर आलो. माझ्या मागे सगळी गिरणी बाहेर आली. आयुष्यात एकदाच मी दुसऱ्याच्या शब्दावर चाललो, तो याच्या. आता मी याच्याकडे एक वाक्य मागतोय. बुडापेस्टमध्ये केलं ते चूक आहे. एवढंच. म्हण.”



“म्हणता येईल, बाबा. तोंड उघडायचं आणि म्हणायचं,” बारेंट म्हणाला. “पण माझे सोबती, केस आणि लेन, लढाईत त्या वाळूच्या टेकड्यांत जर्मनांच्या बंदुकीपुढे उभे राहिले ते याच पक्षाचं नाव घेऊन. मी ते वाक्य म्हटलं की त्यांना तिथे टाकून घरी केक खायला आल्यासारखं होईल. मला नाही जमत.”

“मेलेल्यांच्या आड लपू नकोस.”

“आणि आज तिकडे मरतायत त्यांचं काय?” वोबे म्हणाला. या वेळी यॉस्टनेही मान हलवली, आणि आलीदा रुमालाशी चाळा करत म्हणाली, “दादा, म्हणून टाक ना रे. एका वाक्याने काय होतं?”

बारेंटने टोपी चाचपली. तो उठणार हे हिलाला दिसलं. आता हा उठला की नदीपलीकडचा दुसरा दिवा, असं तिच्या मनात आलं.

“मामा,” रेन्स्के म्हणाली, “एतेल्का कुठे आहे?”

तिने ते इतकं हळू विचारलं, की वोबेला वाटलं ती केक मागतेय. बाकीच्यांना नाव आठवायला वेळ लागला. गेल्या वर्षी उन्हाळ्यात क्लबाच्या मुली स्पर्धेसाठी बुडापेस्टला गेल्या होत्या, बारेंट त्यांच्याबरोबर होता. तिथे रेन्स्के ज्या मुलीच्या घरी उतरली ती ही एतेल्का. तीही पाठीवरचीच. स्पर्धेत दोघी एकमेकींच्या शेजारच्या पट्ट्यात पोहल्या आणि एतेल्का बोटभर अंतराने जिंकली. मग दोघींनी डोक्यावरच्या टोप्या बदलल्या. रेन्स्के गेलं वर्षभर लाल टोपी घालून पोहत होती ती तिची.

“मला मंगळवारी कळलं, तेव्हा मी पाण्यात तोंड घालून मेलबर्नसाठी रडले,” रेन्स्के म्हणाली. “परत येताना टोपी पिळली तेव्हा एतेल्का आठवली. तोपर्यंत आठवलीसुद्धा नव्हती, आई. मला त्याचीच लाज वाटतेय, आणि सगळे आपले येऊन मला मेलबर्नचं वाईट वाटलं म्हणतायत. मामा, तू तिच्या घरी जेवलायस. तिचे बाबा तुझ्याच पक्षात आहेत. तुझ्या लोकांना विचार ना, ती कुठे आहे.”

बारेंटने टोपी गुडघ्यावर ठेवली.

“विचारलं,” तो म्हणाला.

“कधी?”

“सोमवारी. ॲम्स्टरडॅमला पक्षाच्या कचेरीत गेलो. बाहेर लोक दगड मारत होते, आतले बाकं लावून दार धरून होते. मीही धरलं. मग जरा निवल्यावर विचारलं, की एक कुटुंब आहे, माणूस आपलाच आहे, त्याची मुलगी पोहते, ती सुखरूप आहेत का एवढं कळवाल का. म्हणाले, बघू. बुधवारी परत गेलो.” तो थांबला. “बुधवारी त्यांनी मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, की या वेळेला असले प्रश्न शत्रू विचारतो.”



“पंचवीस वर्षं, रेन्स्के. जर्मनांनी मारलं तेव्हा मी या लोकांची नावं दिली नाहीत. आणि मी एका पोरीची खुशाली विचारली तर मला शत्रू म्हणाले. दार धरून ठेवलेलं होतं मी त्यांचं.” त्याचा आवाज फाटला. त्याने तो सावरायचा प्रयत्न केला नाही. “मला माहीत नाही ती कुठे आहे. ते सांगत नाहीत. सांगण्यासारखं असतं तर सांगितलं असतं.”

रेन्स्केने हात पुढे करून त्याच्या कोटाची बाही धरली, लहानपणी दोरी धरायची तशी, आणि सोडली नाही. हिलाने तोंड फिरवून डोळे पुसले. वोबे बादली हातात घेऊन अजून दारातच होता. त्याने ती खाली ठेवली, बाहेर गेला, आणि कोठारातून मघाची खुर्ची घेऊन आला. ती त्याने हिलाच्या पुढ्यात अशी आदळली, की तिला बसावंच लागलं.

“हिला,” बाबा म्हणाले, “त्याला कॉफी दे.”

हिलाने दिली. पण तिला कळत होतं, की कॉफी म्हणजे हात नव्हे. कॉफी बाबांनी दारावर येणाऱ्या कोळसेवाल्यालाही कधी नाकारली नव्हती. त्यांचे दोन्ही हात अजून काठीवर होते आणि बारेंटही त्यांच्याकडे बघत नव्हता. बाप-लेक खांद्याला खांदा लावून बसले होते आणि दोघांच्या मधे तो जुना पूल होता.

*

संध्याकाळची प्रार्थना आटोपून क्लोपरबाई आल्या. समोरच्या घरातल्या. त्या नेहमी सगळ्यांच्या शेवटी यायच्या, काळे हातमोजे घालून, आणि एवढ्या वेळात काय काय घडलं ते नजरेने टिपून घ्यायच्या. बारेंटच्या खिडक्या फुटल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, वोबेच्या दुकानात सगळ्यांदेखत ‘बरं झालं, एकदाची हवा खेळली’ असं म्हणणाऱ्या बाई त्या ह्याच.

त्यांनी दारापासून सुरुवात केली. गिरणीतल्या मित्रांचं अभिनंदन झालं, यॉस्टचं झालं, आलीदाचं झालं. वोबेला त्यांनी तुमच्या सासऱ्यांबद्दल म्हटलं, हिलाला तुमच्या वडिलांबद्दल. मग रेन्स्के. “अभिनंदन, पोरी,” त्या म्हणाल्या आणि न अडखळता पुढे गेल्या, कारण त्यांना मेलबर्नचं काहीच वाटत नव्हतं. पुढची खुर्ची बारेंटची होती. बाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, की जणू खुर्चीवर कोट टाकून ठेवलाय, आणि त्या एक पाऊल जास्तीचं टाकून बाबांसमोर उभ्या राहिल्या.

“आरियान, पंच्याहत्तरीचं अभिनंदन. देवाने असंच सांभाळावं.”

बाबांनी हात दिला नाही. “बाई,” ते म्हणाले, “मधला एक राहिला.”

क्लोपरबाईंना वाटलं, म्हाताऱ्याला नीट दिसलं नाही. “नाही हो, सगळ्यांचं केलं.”

“माझा मुलगा राहिला.”

वर्तुळातला एकेक कप बशीत ठेवला गेला. बाईंचे गाल लाल झाले, पण त्याही काही लेच्यापेच्या नव्हत्या. “हे तुम्ही मला सांगावं, आरियान? सगळ्या गल्लीला माहीत आहे तुम्ही काय म्हणालात ते. तुम्ही स्वतः दिलात का त्याला हात?”

खरं तेच बाई विचारत होत्या. आणि शब्दाच्या पक्क्या माणसाला, चारचौघांत, त्याच्याच शब्दात कोणी धरलं की तो काय करतो हे तिने लहानपणापासून पाहिलेलं होतं.

बाबांनी मुलाकडे पाहिलं. आल्यापासून पहिल्यांदा त्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग काठी गुडघ्याला टेकवली. ती घसरून खाली पडली. बारेंट उचलायला वाकला, तर बाबांनी वाटेतच त्याचा हात धरला. दोन्ही हातांनी धरला.

“विचारलंस ते बरं केलंस,” ते त्याला म्हणाले. “उद्या परत विचार. मी येतो बरोबर.”

बारेंटने मान हलवली.

बाबांनी त्याचा हात न सोडताच मान वर केली. “मी दिला, बाई,” ते म्हणाले. “आता तुम्ही.”

काठी खाली तशीच पडली होती. रेन्स्केने मामाची बाही सोडली नव्हती. कोणीही घाई केली नाही. खोलीभर सगळे वाट बघत बसले आणि क्लोपरबाईंनी हातमोजा काढला.